खडूच्या घरांवरचं छप्पर

टण्णकन आवाज झाला. एक पितळी रिंग टेबलाच्या कडेवरून खाली पडली, फरशीवर स्वतःभोवती गिरक्या घेत राहिली आणि शेवटी दमून आडवी झाली.

एरवी त्या खोलीत दिवसाला पन्नास रिंगा पडायच्या आणि कुणी मान वर करत नसे. पण तीन दिवसांपासून घर असं गप्प झालं होतं की त्या एवढ्याशा आवाजाला तिघंही दचकली. आबांच्या हातातली कात्री थांबली. टेबलाखाली बसलेल्या खारूने डोकं बाहेर काढलं. आणि ताडपत्रीवाली, जिला अख्खी गल्ली याच नावाने ओळखायची, ती हातोडी तशीच उगारून रिंगेकडे बघत राहिली.

तीन दिवसांपूर्वी भर दुपारी वरच्या वस्तीमागचा डोंगर सरकला होता. इथे खाली गावात फक्त कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. ताडपत्रीवाली आपल्या लेकीला, खारूला, म्हणाली होती, "मोठा ट्रक गेला वाटतं." त्या वाक्याची तिला आता लाज वाटायची. नवरा यंत्रावर काम करणारा, माती उपसायचं मोठं पिवळं यंत्र चालवायचा. तो त्याच संध्याकाळी वर गेला तो अजून आला नव्हता. माणसं बरीचशी वाचली होती, शेतात होती म्हणून. घरं मात्र गेली. चाळीस कुटुंबं शाळेच्या मैदानात होती, उघड्यावर, आणि पहाटेला गवतावरचं दव गोठत होतं.

घरात ताडपत्रीचे दोन मोठे गठ्ठे पडलेले, एका गोदामवाल्याच्या ऑर्डरचे. तिने त्याला फोन केला, "तुमचं काम पुढच्या महिन्यात करते, चालेल का?" तो म्हणाला, "वहिनी, विचारता काय." मग काय, सासरा-सून कामाला लागले.

काम म्हणजे कापायचं, कडा दुमडून शिवायच्या, आणि कोपऱ्यांना भोकं पाडून रिंगा ठोकायच्या. हे सगळीकडे असंच चालतं. पण आबांची एक रीत होती. रिंग आणि ताडपत्री यांच्यामध्ये ते जुन्या कपड्याची गोल चकती घालायचे. "नुसती धातूची कडा वाऱ्यात प्लास्टिक कापत जाते," ते सांगायचे. "मध्ये कापड असलं की दोघांचं भांडण होत नाही. सासू-सुनेमध्ये सासरा असतो ना, तसं." आता त्यांचे हात थरथरायचे, हातोडी पेलवायची नाही, म्हणून ते चकत्या कापायचे. या वेळच्या चकत्या खारूच्या आखूड झालेल्या फ्रॉकच्या होत्या. पिवळा रंग, त्यावर लाल ठिपके. खारूने आधी गाल फुगवले, मग स्वतःच फ्रॉक आणून आबांच्या मांडीवर ठेवला.

पहिल्या वीस ताडपत्र्या परवा रात्रीपर्यंत झाल्या आणि काल दुपारी दारात एक माणूस आला.

गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक, शाळेच्या मोठ्या बाईंच्या नावाची शिक्का मारलेली चिठ्ठी. बोलणं मधासारखं. आधी त्याने रोख मदत मागितली, चिठ्ठीवरच्या फोन नंबरवर पाठवा म्हणाला. ती म्हणाली, "पैसे नाहीत हो, ताडपत्र्या आहेत." तिला जरा शंका आली होती, नाही असं नाही. चिठ्ठीवरचा शिक्का फारच ताजा होता, बोटाला लागत होता. पण तेवढ्यात एक ताडपत्री सुटली, आणि त्या माणसाने ती उचलून घडी घातली. कोपऱ्यावर कोपरा, चारही रिंगा एकावर एक, मग अंगठा आत घालून हवा बाहेर काढत गुंडाळत आणली. ही घडी नुसती बघून येत नाही. वर्षं जातात.

आबांचा चेहरा उजळला. "ज्याच्या हाताला घडी येते तो आपल्यातला," ते म्हणाले. झालं. वीसच्या वीस त्याच्या गाडीत गेल्या. आबांनी वर त्याला चहाही पाजला.

"त्या काकांना घडी कुणी शिकवली?" खारूने विचारलं होतं. सध्या तिचं हेच चाललं होतं. पोळी लाटायला तुला कुणी शिकवलं, शिट्टी वाजवायला बाबांना कुणी शिकवलं.

"असतील कुणीतरी त्याचे आबा," आबा म्हणाले होते.

आज सकाळी पुढच्या वीस ताडपत्र्यांसाठी रिंगा कमी पडतील म्हणून ती बाजारात गेली. रिंगावाल्याने तिला बघितलं आणि नजर वजनकाट्याकडे वळवली.

"वहिनी, आज तिप्पट."

"कालच्याच रिंगा ना?"

"कालच्याच. पण मागणी आजची."

"वर माणसं उघड्यावर आहेत हो."

"म्हणून तर मागणी आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्याच उत्तरावर जरासा चपापला. भाव मात्र उतरवला नाही. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं यालाच म्हणत असावेत, असं तिच्या मनात आलं. ती तशीच वळली, आणि वळणावर, फुटपाथवर, ताडपत्र्यांची चळत दिसली.

तिने वाकून एक कोपरा उलटला. रिंगेभोवती पिवळ्या कापडाची कड डोकावत होती. त्यात एक अर्धा लाल ठिपका.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. लगेच तिला वाटलं, हे आपण म्हणू नये. ज्यांची खरंच सरकली ते वर मैदानात बसलेत.

"कशी दिली?" तिने विचारलं.

विकणाऱ्याने सांगितलेला भाव चौपट होता. "काल संध्याकाळी एकाने माल उतरवला, मी घेतला. चौदा गेल्या, सहा राहिल्यात. संध्याकाळी याही राहणार नाहीत, ताई."

"या माझ्या आहेत. दान दिलेल्या."

"पावती?"

पावतीपुस्तक त्या माणसाच्या हातात होतं खरं, पण पावती त्याने फाडलीच नव्हती, आणि चहाच्या गडबडीत यांनीही मागितली नव्हती. ती भांडली नाही. सरळ चौकीत गेली. हवालदाराने तक्रार लिहून घेतली, चकतीची खूण ऐकून मान हलवली आणि माणूस पाठवून त्या सहा ताडपत्र्या जप्त करून आणल्या. "पुरावा आहे, आता इथेच राहणार," तो म्हणाला. म्हणजे सहा ताडपत्र्या चौकीच्या छपराखाली सुखरूप, आणि माणसं आभाळाखाली. तिला हसू आलं नाही, पण येऊ शकलं असतं.

घरी आल्यावर तिने आबांना सांगितलं. आबांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"घडीवर भुललो," ते म्हणाले. "हात बघितले, माणूस बघितलाच नाही."

"मीही शिक्का बघितला होता, आबा. बोटाला शाई लागली होती माझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूष होतात."

आबा उठले, फळीवरून एक जुनी वही काढली. दहा वर्षांपूर्वी त्यांनी शाळेच्या व्यासपीठासाठी छत शिवून दिलं होतं. त्या पानावर मोठ्या बाईंचा स्वतःचा नंबर होता. "चिठ्ठीवरचा नको. हा लाव," ते म्हणाले. हे कालच करायला हवं होतं, ते दोघांनाही कळत होतं.

फोन मोठ्या बाईंनीच उचलला. आवाज बसलेला, पण कणखर.

"मी कुणालाही पाठवलेलं नाही. चिठ्ठी नाही, शिक्का नाही, काही नाही. शिक्का तर कपाटात आहे आणि कपाट ढिगाऱ्यात आहे. माझ्या नावाने कुणी आलं तर त्याला पाणी द्या आणि परत पाठवा."

"आम्ही चहा दिला हो, बाई."

बाई चक्क हसल्या. "हे बघ, कपडे आणू नकोस. कपड्यांचा डोंगर—" त्या थांबल्या. "कपडे खूप झालेत. आच्छादन हवं, दोरी हवी. खालच्या रस्त्याने ये, वरचा खचलाय. अंधार पडायच्या आत पोच. आणि जे आणशील ते माझ्या हातात दे, वहीत लिहून सही घेऊन जा. तुझ्या-माझ्यामध्ये कुणी नको."

"वीसच आहेत आता. चाळीस करणार होते मी."

"वीस तर वीस. किती वाजता?"

"आणि बाई, सोबत मूल आहे माझं. घरी ठेवायला कुणी नाही. सासरे पण येतो म्हणतायत."

"आण तिला. इथल्या मुलांनी तीन दिवसांत नवं मूल बघितलं नाहीये."

फोन ठेवला तेव्हा दहा वाजून गेले होते. कापड होतं, कात्री होती. रिंगा मात्र एका मुठीत मावतील एवढ्याच. तिने सरळ सांगितलं, "आबा, तिप्पट देऊन आणते. दुसरा इलाज नाही. अडला हरी."

"अडला कोण म्हणतो?" आबा खुर्चीतून पुढे झुकले. "रिंगा निघायच्या आधी काय लोक पावसात भिजून मेले? खारू, अंगणातून खडे आण. सुपारीएवढे, गोल. टोक असलेला एकही नको."

खारू ओचाभर खडे घेऊन आली. आबांनी एक घेतला, ताडपत्रीच्या कोपऱ्याच्या जरा आत ठेवला, वरून प्लास्टिक गोळा करून त्याची मान आवळली आणि दोरीचा फास घातला. कोपऱ्यावर एक बोंडू तयार झालं. थरथरणारे हात त्या फासाशी आले की एकदम स्थिर व्हायचे. ती बघतच राहिली. बारा वर्षं ती या माणसाच्या हाताखाली काम करत होती आणि हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ओढ," आबा म्हणाले.

तिने ओढलं. पाय टेकवून, पाठ मागे टाकून ओढलं. खडा सुटेना.

"ना भोक, ना रिंग, ना शिवण. जितकं ओढाल तितकं घट्ट." आबा खोकले. "रिंगा आल्या आणि आम्ही हे विसरलो. विसरलो म्हणजे, लाज वाटायला लागली. गरिबाची गाठ म्हणायचे याला."

"आबा, तुम्हाला कुणी शिकवलं?" खारूने विचारलं.

"माझ्या आईने. ती छपराला बांधायची."

शिवायचं काम उरलंच नव्हतं, त्यामुळे दोनच्या आत वीस कापून झाल्या. प्रत्येकीबरोबर आठ खडे आणि दोरीचं वेटोळं, जुन्या पिशवीत बांधून.

आता गाडी. गल्लीतला टेम्पोवाला; त्याच्या टेम्पोमागे 'सावकाश' असं लिहिलेलं होतं आणि तो खरोखरच इतका हळू चालवायचा की सगळे त्यालाच सावकाश म्हणायचे. सावकाशने डोकं खाजवलं.

"वर जायचं म्हणजे... आज सगळेच तिप्पट घेतायत, वहिनी. रस्ता वाईट आहे."

"बरं," ती म्हणाली. "तिप्पट घे. फक्त कागदावर लिहून दे. डोंगराखालच्या लोकांकडे छप्पर न्यायला तिप्पट घेतले, आणि खाली सही."

"सही कशाला?"

"आज मला कळलंय, पावती घ्यावी."

सावकाशने आबांकडे पाहिलं. आबा आभाळाकडे बघत होते. त्याने खारूकडे पाहिलं. खारू त्याच्याकडेच बघत होती, पापणी न लववता.

"डिझेलचे द्या," तो शेवटी म्हणाला. "आणि पोरीला पुढे बसवा, मागे धूळ लागेल."

खालच्या रस्त्याने जाताना पहिला तासभर काहीच वेगळं दिसलं नाही. शेतं, विहिरी, वाळत घातलेले कपडे. मग एक वळण आलं आणि सावकाशने न सांगताच टेम्पो थांबवला.

डोंगर होता, आणि नव्हता. अर्ध्यापासून वर तो नेहमीसारखा हिरवा, शांत, डोक्यावर दोन ढग घेऊन उभा होता. अर्ध्यापासून खाली त्याची सगळी कूस उघडी पडली होती; लाल, ओली, नवी माती, जी आजवर कुणी पाहिली नव्हती, डोंगरानेही नाही. इतकी लाल की डोळे दुखावेत. त्या लाल उतारावर, मधोमध, एक पिवळा ठिपका हळूहळू हलत होता.

"ते बाबांचं यंत्र," खारू म्हणाली.

तेच यंत्र घरासमोर उभं राहिलं की अख्खी गल्ली अडायची. शेजारीण ओरडायची की माझ्या दारात सूर्य येत नाही. इथे ते एका मुंगीएवढं होतं, आणि मुंगीसारखंच एक एक कण उचलून बाजूला ठेवत होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर एवढासा जीव तीन दिवस न थांबता हे करतो आहे, आणि घरी त्याला मोजे जागेवर ठेवता येत नाहीत.

सावकाशने टेम्पो पुन्हा सुरू केला, पहिल्यांदाच थोडा जोरात.

शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताना तिला वाटलं होतं, रडारड असेल, गोंधळ असेल, मागणारे हात असतील. मैदान शांत होतं. आणि मैदानभर खडूच्या रेषा होत्या.

मोठ्या बाईंनी प्रत्येक कुटुंबाला एक चौकोन आखून दिला होता. चौकोनात क्रमांक. वर काही नव्हतं, बाजूला काही नव्हतं, नुसती जमिनीवर रेघ. पण रेघेला एका बाजूला दोन हात मोकळी जागा सोडलेली होती, दरवाजासाठी. आणि त्या मोकळ्या जागेबाहेर, प्रत्येक चौकोनापाशी, चपला काढून ठेवलेल्या होत्या. एक माणूस हातात पाण्याची कळशी घेऊन येत होता. शेजारच्या चौकोनावरून त्याचं घर दोन पावलांवर होतं, पण तो वळसा घालून आपल्या दारापाशी आला, चपला काढल्या आणि मगच आत गेला. दोन मुलं पळत आली आणि रेघेपाशी येऊन थबकली. कुणाच्याही भिंतीतून कुणी जात नव्हतं.

तिने नकळत आपल्याही चपला काढल्या. आबांनी काढल्या. सावकाश गाडीजवळच उभा होता, त्यानेही काढल्या.

मोठ्या बाई वही घेऊन आल्या. बुटक्या, केस विस्कटलेले, पायात एका मापाचे पण वेगवेगळ्या जोडाचे बूट. "वीस," त्यांनी मोजून लिहिलं, सही घेतली, सही दिली. मग वळून मोठ्याने म्हणाल्या, "वीस आहेत. चाळीस घरं आहेत."

एवढंच. चिठ्ठ्या टाका नाही, लहान मुलं असतील त्यांनी आधी या नाही. ताडपत्रीवाली वाट बघत होती की आता भांडण होईल. तिला वाटत होतं, हे आपल्यामुळे होणार, आपण त्या माणसाला पावती मागितली असती तर चाळीस झाल्या असत्या. पंधरा क्रमांकाच्या घरातली बाई उठली. तिने सोळा क्रमांकाकडे बघितलं, तिकडच्या म्हाताऱ्याने मान हलवली, आणि तिने आपल्या पायाने, अंगठ्याने, दोन घरांमधली खडूची रेघ पुसून टाकली. मग सतरा-अठरा. मग एकेक करत सगळीकडे पाय फिरू लागले. खडूची बारीक पांढरी धूळ उडत राहिली, आणि थोड्या वेळाने मैदानात चाळीस घरांची वीस घरं झाली होती.

"दोन-दोन कुटुंबांना पुरेल एवढी मोठी आहे ना?" बाईंनी विचारलं.

तिने मान हलवली.

आबा जमिनीवर बसून बायामाणसांना खडा बांधायला दाखवू लागले. त्यातल्या तिघींना ते आधीच येत होतं. "आमची आजी बांधायची," एक म्हणाली, आणि आबा असे हसले की त्यांची कवळी हलली. सावकाश दोऱ्या ताणत होता. झाडापासून खांबापर्यंत, खांबापासून फाटकापर्यंत.

आणि मग तिला ती दिसली. मैदानाच्या मधोमध, आधीच ताणलेली एक ताडपत्री. कोपऱ्यावर पितळी रिंग. रिंगेभोवती पिवळी कड.

तिच्याखाली बाळं होती. ओळीने, कुशीत कुशी लावून अकरा तान्ही बाळं, आणि दोन आया दूध पाजत बसलेल्या. शेजारी सदतीस क्रमांकाच्या चौकोनात एक म्हातारी एकटीच उपड्या बादलीवर बसली होती. तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. कानांच्या पाळ्यांना लांब भोकं होती, आणि ती रिकामी होती.

"ही कुणी आणली?" तिने विचारलं.

"मी," म्हातारी म्हणाली. "आज पहाटे खाली चालत गेले. फुटपाथवर मिळाली."

"काय दिलंत त्याला?"

म्हातारीने कानाला हात लावला आणि हसली. "हलकं वाटतं आता."

ताडपत्रीवाली तिच्यासमोर बसली. सांगणं अवघड होतं, पण न सांगणं त्याहून. "आजी, ती माझ्या हातची आहे. तुम्हाला फुकट मिळायची होती. मी चुकीच्या माणसाच्या हातात दिली. हवालदाराला सांगितलंय, तुमचंही नाव—"

"तुझ्या हातची?" म्हातारीने तिला मध्येच तोडलं आणि रिंगेकडे बोट दाखवलं. "मी विकत घ्यायच्या आधी ओढून बघितली. दुसऱ्याच्या फाटत होत्या. ही फाटली नाही. आत काय घातलंयस?"

"फ्रॉक. माझ्या मुलीचा."

"हं." म्हातारीने खारूला जवळ बोलावलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. "मग बरंच झालं."

"तुम्ही आत का नाही बसत, आजी? ती तुमची आहे."

"माझ्या घरात मी एकटीच उरलेय," म्हातारी म्हणाली. तिने हे असं म्हटलं जणू बाजारातला भाव सांगतेय. "एवढं मोठं छप्पर मला कशाला?"

वारा आला. ताडपत्री फुगली, चारही कोपरे ताणले गेले, रिंगा धरून राहिल्या, आणि आतल्या एका बाळाने झोपेतच ओठ हलवले. ताडपत्रीवालीने मागे वळून आबांकडे पाहिलं. आबाही काम थांबवून इकडेच बघत होते.

खारू म्हातारीच्या रिकाम्या कानांकडे आणि मग बाळांकडे बघत राहिली. मग तिने आईचा पदर ओढला.

"आई, घडी त्या काकांना त्यांच्या आबांनी शिकवली. खडा बांधायला आबांना त्यांच्या आईने शिकवलं. मग या आजींना हे कुणी शिकवलं?"